काय-स्क्वेअर हाताने 7.38, आर सॉफ्टवेअरमध्ये 6.04!! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पीएसएममध्ये (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) पीजी करतेय. थिसिस मिश्री लावणाऱ्या बायका आणि अ‍ॅनिमियावर आहे, डेटा अजून एक्सेलमध्ये भरणंच चालू आहे, तोवर म्हटलं एखाद्या गाजलेल्या ट्रायलवर हात बसवून घेऊ म्हणून 1948 ची ती ब्रिटिश स्ट्रेप्टोमायसिनची टीबी ट्रायल घेतली. औषधवाले 55, सहा महिन्यांत 4 दगावले. नुसती बेड रेस्टवाले 52, त्यातले 14 गेले. हा फरक नुसता योगायोग आहे का ते बघायला काय-स्क्वेअर लावली: टू बाय टू टेबल (औषध हो/नाही, गेले/जगले असे चार खाने) मांडलं, एक्स्पेक्टेड (ई, म्हणजे औषधाने काहीच फरक पडला नसता तर खान्यात किती आले असते) काढले, ओ (ऑब्झर्व्ह्ड, प्रत्यक्षातला आकडा) वजा ई चा वर्ग भागिले ई, चारही खान्यांची बेरीज 7.38. दोनदा केलं, दुसऱ्यांदा तर कॅल्सी बदलून. तेच आकडे आरमध्ये टाकले तर 6.04 येतंय. दोन्ही 3.84 च्या (5 टक्के पातळीची सीमा) वर आहेत, सिग्निफिकंट आहेच, पण व्हायवाला कुठला खरा विचारलं तर काय सांगू?

त्यात रूममेट म्हणते एका खान्यात 4 आहे, 5 च्या खाली, काय-स्क्वेअर चालणारच नाही, फिशर (लहान आकड्यांसाठीची दुसरी टेस्ट) लाव. खरंय का हे?

उत्तर: ताई, तुमचं गणित बरोबर आहे. आर टू बाय टूला स्वतःहून येट्सचं करेक्शन लावतं, म्हणजे ओ आणि ई मधल्या फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग, म्हणून आकडा उतरतो. कमांडमध्ये करेक्ट फॉल्स करा, 7.38 येईल. एसपीएसएस हे दुसरं सॉफ्टवेअर करेक्शनसह आणि करेक्शनशिवाय अशा दोन्ही ओळी छापतं, तिथे मुलं हवी ती उचलतात, तसं मात्र करू नका, कुठलं वापरणार ते थिसिसच्या मेथड्समध्ये आधीच लिहून टाका. आणि 5 चा नियम एक्स्पेक्टेडला आहे, ऑब्झर्व्ह्डला नाही!! तुमच्या त्या 4 च्या खान्याचं एक्स्पेक्टेड 55 गुणिले 18 भागिले 107, म्हणजे 9.25. फिशर लावलात तर चूक नाही, पण गरज नाही.

धन्यवाद!! सगळ्यात लहान खाना 8.75 आला, रूममेटला झोपेतून उठवून दाखवलं, शिव्या खाल्ल्या. एकच राहिलं, माझ्या डेटात सिव्हिअर अ‍ॅनिमियाच्या बायका मोजून चार-पाच आहेत, तिथे एक्स्पेक्टेड खरंच 5 खाली जाणार असं वाटतंय, मग मॉडरेट आणि सिव्हिअर एकत्र केलं तर चालेल ना?

उत्तर: चालेल, पण डेटा भरून व्हायच्या आधी ठरवा आणि गाइडला सांगून ठेवा. आणि हो, टेबलात टक्के टाकू नका, बायका मोजून टाका.