मदत हवी आहे: राइटर घोडदळाच्या कॅराकोलला पटावर किती मारा द्यावा?

रणपट: १५८० च्या दशकातल्या फ्रेंच धर्मयुद्धांवर पटावरचा खेळ बनवतोय. राइटरांना (जर्मन पिस्तूलधारी घोडेस्वार) ३० पावलांचा पल्ला दिलाय. कॅराकोलमध्ये पुढची ओळ बार काढून वळते, मागे जाऊन भरते, तोवर दुसरी ओळ पुढे. पण मग भालेवाले घोडेस्वार कधीच जिंकत नाहीत. चूक कुठे?

चाप_चावी: आधी पल्ल्यात. ३० पावलांवर धावत्या घोड्यावरून नेम लागत नाही, लागला तरी चिलखत बहुधा वाचवतं. त्याच युद्धांत लढलेल्या ला नू या फ्रेंच सेनानीचं म्हणणं होतं की पिस्तूल तीन पावलांवरून झाडलं तरच उपयोग. पल्ला पटाच्या एका घरावर आणा.

भरणंही फार स्वस्त केलंय. चाकाच्या चापाचं पिस्तूल म्हणजे दारू, गोळी, ठासायचा गज, मग चावीने चाक पिळायचं, रंजक (ठिणगीने पेटणारी बारीक दारू) भरायचं, पायराइट (चाकावर घासून ठिणगी देणारा दगड) धरलेला घोडा (चापाचा, खालचा नव्हे!) रंजकाच्या झाकणावर टेकवायचा. हे सगळं लगाम सांभाळत. पायराइट ठिसूळ, तुकडे पडतात. चाकात दारूची काजळी साचली की ठिणगी नाही. चावी हरवली तर पिस्तुलाचा दांडुका. म्हणून खोगिराला दोन पिस्तुलं, म्हणजे दोन बार. पुन्हा भरायला पथकाने लढाईतून पूर्ण बाहेर पडावं.

तिरकी_चाल: भरण्यापेक्षा वळणं महाग करा. मागच्या ओळींना पुढचे परतताना दिसतात, आणि वळणं कधी पळणं होतं ते कळत नाही. त्या क्षणी शत्रूचा हल्ला आला तर पथक मोडावं. किर्खोल्म, १६०५: पोलिश हुसारांच्या (भालाईत घोडेस्वार) भाल्यांपुढे स्वीडिश घोडदळाचं हेच झालं.

रणपट: मग पिस्तूलवाले जिंकायचे कसे?

तिरकी_चाल: न वळता. कूत्रा, १५८७ बघा. प्रोटेस्टंटांचा नेता नावारच्या आंरीचं घोडदळ सहा-सहा ओळी खोल, दाट उभं. पथकांमध्ये बंदूकवाले पायदळ. समोरच्या कॅथलिक सैन्याचा सेनापती झ्वायझचे भालाईत घोडेस्वार फार लांबून दौडत सुटले, रांग विस्कटली. बंदुका साधारण २० पावलांवर झडल्या, मग पिस्तूल अगदी जवळून आणि लगेच तलवार. त्यामुळे ‘बार काढून घुसणे’ ही वेगळी चाल ठेवा. कॅराकोल फक्त बंदुका नसलेल्या लांब भाल्यांच्या पायदळावर फायद्याची. मस्केटवाले (लांब बंदुकांचे पायदळ) असतील तर ते तुमच्या आधी मारतील.