जपून ठेवलेलं सापडत नाही तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

बँकेच्या लॉकरची किल्ली मी अकरा दिवस शोधत होते. दसरा झाला, दागिने परत ठेवायला निघाले आणि किल्ली नेहमीच्या कप्प्यात नाही. मग आठवलं, मध्ये चार दिवस गावाला गेलो तेव्हा घर बंद राहणार म्हणून मीच ती तिथून काढून जपून ठेवली होती. कुठे, ते मात्र काही केल्या आठवेना.

कपाटं रिकामी केली. ठेवणीतल्या साड्यांच्या घड्या मोडल्या. डाळ-तांदळाचे डबे परातीत ओतून पाहिले. बँकेत विचारलं तर कळलं की लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, एक त्यांची आणि एक आपली, आणि आपल्या किल्लीची दुसरी प्रत त्यांच्याकडे नसते. हरवली तर माणूस बोलावून आपल्यासमोर लॉकर फोडायचा, नवं कुलूप बसवायचं आणि तो सगळा खर्च आपण द्यायचा.

बाराव्या दिवशी सापडली. संक्रांतीच्या वाणातल्या उरलेल्या वस्तूंची एक पिशवी माळ्यावर असते, त्यातल्या स्टीलच्या डबीत. "इथे कोणी हात घालणार नाही" असं मनाशी म्हणत ठेवली होती, हे डबी उघडल्याबरोबर लख्ख आठवलं. जागा इतकी वेगळी शोधली होती की माझ्याही हाताला तिची सवय नव्हती.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींबद्दल माझ्या मनात शंका आली. बारा वर्षं येतात त्या. तोंडाने मी एक शब्द बोलले नाही. पण त्या आतली खोली झाडायला गेल्या की मी काहीतरी निमित्त काढून दारात उभी राहायचे. किल्ली सापडली त्या क्षणी आनंद झालाच नाही, पोटात खड्डा पडला. ते अजून गेलेलं नाही.

म्हणून विचारते आहे. तुमचं काय हरवलं, कसं सापडलं, आणि त्यानंतर घरात किंवा सवयीत तुम्ही नेमकं काय बदललंत? "लक्ष देत जा" हे प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून झालं आहे, तेवढं नको.

*

डोंबिवली. सकाळच्या फास्ट लोकलने मी दादरला उतरले आणि लॅपटॉपची बॅग रॅकवरच राहिली. पर्स खांद्यावर, डब्याची पिशवी हातात, त्यामुळे आपल्याकडे सगळं आहे असंच वाटत होतं. जिना चढल्यावर खांदा हलका लागला. गाडी तोवर सीएसएमटीकडे गेलेली.

रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडून विचारलं, गाडी किती वाजताची, डबा कुठला, रॅक कुठल्या बाजूचा. मला बायकांचा मधला डबा आणि दाराजवळची डावी बाजू एवढं नीट सांगता आलं, आणि त्यानेच काम झालं. सीएसएमटीला आरपीएफच्या चौकीत बॅग मिळाली. आत काय काय आहे ते तोंडी सांगावं लागलं, ओळखपत्र दाखवावं लागलं, सही केली. रेल्वे सुरक्षा दलाच्या या कामाला 'ऑपरेशन अमानत' असं नाव आहे, हेही तिथेच कळलं. परक्या माणसाने आपली वस्तू सांभाळून ठेवायची याला अमानत म्हणतात, तो शब्द मला फार आवडला.

तेव्हापासून रॅकवर काही ठेवलं की लगेच ओढणीच्या टोकाला गाठ मारते. माझी आजी पदराला मारायची तशीच. उतरायला उभी राहिले की ओढणी सावरताना गाठ हाताला लागते आणि हात आपोआप वर जातो. दोन वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही. फोनमधले गजर मी बंद करून टाकायचे, गाठ तशी बंद करता येत नाही.

*

मी भुसावळचा, रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त. इंजिनात आम्हाला पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावलेली असते. सिग्नल दिसला की हात त्याच्याकडे करायचा आणि त्याचं नाव, रंग मोठ्याने म्हणायचं. "होम, यलो." असिस्टंटनेही तेच म्हणायचं. रोजचा मार्ग, रोजचे सिग्नल, तरीही म्हणायचंच. नवीन मुलं विचारत, दोघांनाही दिसतंय तर बोलायचं कशाला? कारण रोज जे दिसतं ते डोळा सवयीने पाहतो, मन दुसरीकडे असतं. तोंडाने म्हणायचं तर मनाला तिथे यावंच लागतं. जपानच्या रेल्वेतही अशीच पद्धत आहे, तिथे तर फलाटावरचे कर्मचारीसुद्धा बोट दाखवून बोलतात.

निवृत्तीनंतर मला एक त्रास सुरू झाला. घर बंद करून निघालं की बसस्टँडपर्यंत पोचेतो मनात येई, गॅस बंद केला का? दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलो. दोन्ही वेळा बंद होता. म्हणजे हाताने काम केलेलं होतं, पण केल्याची आठवण मनात उमटलीच नव्हती. तेव्हा डोक्यात आलं की चौतीस वर्षं जे केलं ते घरी का करत नाही मी?

आता निघताना आम्ही दोघं दाराशी येण्याआधी घरातून एक फेरी मारतो. मी बोट दाखवून म्हणतो, "रेग्युलेटर बंद." ही मागून म्हणते, "बंद." "गीझर बंद." "बंद." "मागच्या दाराला कडी." "आहे." शेवटी कुलूप ओढून पाहायचं आणि "कुलूप लागलं" म्हणायचं. नंतर शंका आली तर मला माझाच आवाज आठवतो. परत फिरावं लागलेलं नाही. नातवंडं सुट्टीत आली की बोट दाखवायचं काम त्यांचं असतं, आणि ती आमच्यापेक्षा कडक आहेत.

*

कोल्हापूर. आमचं किराणा दुकान आहे. एक चष्मा गल्ल्याला दोरीनं बांधलाय, एक उधारीच्या वहीला. घरचा वेगळा. तिन्ही मिळून जेवढा खर्च झाला तेवढ्याचा वेळ मी आधी महिन्याला शोधण्यात घालवत होतो. गिऱ्हाईक थांबून राहायचं ते निराळंच.

*

मी नागपूरची, वय ५२. माझं फक्त वस्तूंपुरतं नव्हतं. बोलताना शब्द सापडेना. वर्गात फळ्यासमोर उभी राहून, तोंडावर असलेलं नाव येईना. दूध उतू जाणं रोजचं झालं. दिवसभर थकवा, तळपायांना मुंग्या. घरी सगळे म्हणायचे वय झालं, पाळी जायचे दिवस आहेत, होतं असं. मीही तेच धरून बसले आणि रात्री मात्र घाबरायची, कारण माझ्या आत्याला शेवटी शेवटी माणसं ओळखू येत नव्हती.

भावजयीने हात धरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड आणि बी१२ दोन्ही. थायरॉइड ठीक निघाला, बी१२ खूपच कमी. आम्ही पूर्ण शाकाहारी, आणि मी शुगरसाठी मेटफॉर्मिन सात-आठ वर्षं घेत होते. या दोन्ही गोष्टींनी बी१२ कमी होऊ शकतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. फरक आठ दिवसांत नाही पडला, तीनेक महिने गेले. पण पडला. मुंग्या आधी गेल्या, शब्द हळूहळू परत आले.

माझी हात जोडून विनंती आहे. विसरणं अचानक वाढलं असेल आणि सोबत थकवा, मुंग्या, केस गळणं, सुस्ती असं काही असेल, तर वयावर टाकून बसू नका. स्वतःच्या मनाने गोळ्याही सुरू करू नका. आधी तपासून घ्या. मी दीड वर्ष उगाच भीतीत काढलं.

*

शिवोली, गोवा. आमच्या घरी काही हरवलं की आई देवासमोर बसून कार्तवीर्याचा श्लोक म्हणते. शेजारच्या आंटी सांत आंतोनीला मेणबत्ती लावतात. इथे त्याचंच मोठं चर्च आहे, १३ जूनला फेस्त असतं, आणि हरवलेलं शोधून देणारा संत म्हणून लोक त्याला सांगणं घालतात. माझ्या लग्नातली मोत्याची कुडी हरवली तेव्हा दोघींनीही आपापलं केलं.

मी सकाळपासून घरभर धावत होते, तीच तीच जागा पाचपाचदा बघत होते. आई म्हणाली, "आधी माझ्या शेजारी बस." बसले. श्लोक चालू असताना पहिल्यांदाच शांतपणे मनात आलं की पहाटे फुलं काढताना फांदी कानाला लागली होती. परडीत पाहिलं, अनंताच्या फुलांखाली कुडी होती. देवाने दिली असं आई म्हणते, मीही मानते. आणि बसल्यामुळे सुचलं हेही तितकंच खरं. काही हरवलं की आता मी आधी दहा मिनिटं बसते.

*

मी बंगळुरूत असतो, मूळचा सोलापूरचा. शाळेत दर महिन्याला कंपासपेटी हरवायची. छत्र्या, डबे, एकदा दप्तरच. मार खाल्ला, पण त्याहून जास्त लागायचा तो 'वेंधळा' शब्द. तो माझं नावच होऊन बसला होता. नोकरी लागल्यावर पासपोर्ट हरवला, नंतर फोन, आणि मला वाटायला लागलं की मी मोठ्या माणसांच्या जगात चालणारच नाही.

एकोणतिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवून घेतली, कारण हा त्रास लहानपणापासून आहे का हे पाहावं लागतं. आईने सोलापूरहून पाठवली. चौथीतल्या बाईंचा शेरा होता: हुशार आहे, पण वस्तू सांभाळत नाही. निदान झालं एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवणं जड जाण्याचा त्रास. वस्तू वारंवार हरवणं हे त्याच्या लक्षणांपैकीच एक आहे. त्या दिवशी आईला फोन केला आणि दोघंही बराच वेळ रडलो. ती म्हणाली, "मला माहीत असतं तर मी मारलं नसतं रे."

औषध चालू आहे. घरात बदल केले ते असे: जे डोळ्यांना दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच, म्हणून कपाटाची दारं काढून टाकली आणि डबे सगळे पारदर्शक घेतले. दाराशेजारी खुंटी आहे, किल्ली तिथे लावल्याशिवाय बूट काढायचे नाहीत. खुंटी आधी आत होती, तिथपर्यंत जाईतो मी किल्ली कुठेतरी ठेवून मोकळा व्हायचो. जिथे हात नैसर्गिकपणे जातो तिथेच जागा करायची, हे शिकायला मला वर्ष लागलं.

फोनबद्दल एक सांगतो. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, तो आजच घरातल्या डायरीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तो फोन बंद करायला हाच क्रमांक लागतो, आणि तेव्हा फोन आपल्या हातात नसतो.

*

सातारा. पहिला अनुभव वाचून लिहायला बसले. माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. सुरुवात पाकिटापासून झाली. ते पाकीट उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात, एकदा फ्रिजमध्ये ठेवायचे आणि मग म्हणायचे, चोरलं. आधी कामवाल्या बाईंचं नाव घेतलं, नंतर माझ्या नवऱ्याचं, शेवटी माझं. मी दोन महिने भांडले. कपाटातून पाकीट काढून त्यांच्यासमोर धरायची आणि म्हणायची, "हे बघा, तुम्हीच ठेवलं होतं." त्यांचा चेहरा पडायचा तो आजही डोळ्यांसमोर येतो.

डॉक्टरांनी समजावलं की ठेवल्याची आठवण तयारच होत नाही, आणि वस्तू तर जागेवर नाही. मग मेंदू उरलेलं एकच उत्तर देतो, कोणीतरी नेलं. ते खोटं बोलत नाहीत. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं आपल्या सगळ्यांचं होतं, पण हातात किल्ली असून ती कशासाठी असते हेच कळेनासं झालं तर थांबू नये, असंही त्यांनी सांगितलं.

आता बाबा म्हणाले पाकीट गेलं, की मी म्हणते, "चला, मिळून शोधू." तसंच दिसणारं दुसरं पाकीट घेऊन ठेवलं आहे, दोन्हींत दहा-दहाच्या नोटा आणि आईचा फोटो. शोधता शोधता ते त्यांच्याच हाताला लागेल असं करते. आमच्या बाई बाबांच्या बोलण्याने काम सोडून निघाल्या होत्या. त्यांना मी आजार काय आहे ते बसवून सांगितलं, तेव्हा थांबल्या. आता बाबांचं पाकीट माझ्यापेक्षा त्यांनाच लवकर सापडतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, मी एकटी पडले होते तेव्हा तिथे बोलून बरं वाटलं होतं.

ताई, तुम्ही मावशींशी बोललात का?

*

बोलले. तुमचं वाचल्यावर दोन दिवस हिंमत गोळा करत होते. आज त्यांचं काम आटोपल्यावर चहा घेऊन दोघी स्वयंपाकघरात बसलो. मी सगळं सांगितलं, दारात का उभी राहायचे तेही. माफी मागितली.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कळलं होतं ताई. पण किल्ली कचऱ्यात गेली असेल तर, म्हणून मी रोज तुमची कचऱ्याची पिशवी खाली नेऊन, पेपरवर ओतून बघत होते."

त्या अकरा दिवसांत खाली जायला त्यांना रोज उशीर व्हायचा. तोही मी मनात मोजून ठेवला होता.