बाळाला खाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी : तुमच्या घरी काय झालं, कसं निभावलंत?

नमस्कार. गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतलं एक बाळ अंडं खाऊन अत्यवस्थ झालं. घरचे पहिला अर्धा तास त्याला आमसुलाचं पाणी लावत होते. बाळ वाचलं. पण आमच्याकडेही अगदी असंच झालं होतं, म्हणून आज लिहायला बसले. तुमचे अनुभव असतील तर तेही हवे आहेत.

आम्ही गुहागर तालुक्यातले. गणपतीचे दिवस, घर माणसांनी भरलेलं. लेक नऊ महिन्यांची. नाचणीचं सत्त्व रोज खायची. त्या दिवशी अंगाला लागेल म्हणून सासूबाईंनी त्यात घरच्या काजूची पूड घातली. जेमतेम तीन चमचे पोटात गेले असतील. आधी हनुवटीला गांधी उठल्या, मग कान लालभडक झाले. "पित्त उठलंय," सगळे म्हणाले. आमसूल भिजवलं, अंगाला चोळलं. कुणी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तिला एक उलटी झाली, लगेच दुसरी. मग ती रडायची थांबली आणि घरातल्यांना हायसं वाटलं. तिची मान माझ्या कोपरावर होती. ती मान एकाएकी जड झाली. भरल्या पोटी झोपलेल्या बाळाची मान अशी लागत नाही, एवढंच मला कळलं.

पहिल्या दवाखान्यात अ‍ॅलर्जीचं सिरप दिलं आणि झोपू द्या म्हणाले. माझे दीर ऐकेनात, गाडी तशीच पुढे घेतली. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला पाहताक्षणी मांडीत इंजेक्शन दिलं. काही मिनिटांतच ती जोरात रडली. तसं रडणं ऐकून मी जमिनीवरच बसले.

सासूबाईंनी त्या दिवसापासून लेकीला स्वतःच्या हाताने भरवलेलं नाही. सव्वा वर्ष झालं. त्यांना कुणी काही बोललं नाही, तरीही.

मालवणहून, एक बाबा

ताई, आमचा धंदाच मासळीचा. बायको बाजारात बसते, मी होडीवर. झील दहा महिन्यांचा असताना आईने मऊ भातात पेडव्याचा तुकडा कुस्करून दिला, काटे नीट काढून. घास गिळला आणि पोराला खोकला लागला, थांबेचना. अंगावर एक पुरळ नाही. त्यामुळे सगळ्यांची एकच समजूत, काटा अडकला! आईने घशात बोट घातलं, मी पाठीवर थापट्या मारल्या, कुणी केळं भरवलं. छाती शिट्टीसारखी वाजायला लागली तेव्हा कुठे गाडीत घातलं. पुरळ न उठताही अशी अ‍ॅलर्जी जीव घेऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं.

धंदा सोडून खाणार काय? मग घराची रीत बदलली. मासे मागच्या पडवीत शिजतात, कारण शिजताना निघणाऱ्या वाफेनेही त्याला शिंका आणि खोकला येतो. मी होडीवरून आलो की विहिरीवर आंघोळ करतो, कपडे बाहेरच ठेवतो, मगच झील. तो दारात हात पसरून उभा असतो आणि मी त्याला "थांब रे" म्हणतो. रोज जीव तुटतो.

सिंधुदुर्गातून, एक बालरोगतज्ज्ञ

वरच्या दोन्ही घरांत वेळ कुठे गेला ते पाहा. लहान बाळाला "घसा आवळतोय" असं सांगता येत नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात सारख्या उलट्या, आवाज घोगरा होणं, लाळ गळणं, न थांबणारा खोकला, बाळ अचानक मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर पित्त समजून बसू नका. अशा वेळी औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. सिरपने गांधी बसतात, घसरणारा रक्तदाब आणि आवळलेला श्वास सावरत नाही. डोस किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. साध्या अँप्युलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीत, 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 8 किलोच्या बाळाला 0.08 मिलिलिटर. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. परदेशात आपोआप टोचणारं पेन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून ज्यांच्या बाळाला एकदा असं झालंय त्यांना मी अँप्युल, 1 मिलिलिटरची सिरिंज आणि डोस लिहिलेली चिठ्ठी देतो, आणि माझ्यासमोर भरून दाखवायला लावतो. तुमच्या डॉक्टरांकडून हे शिकून घ्या, वाचून करू नका. बाळाला आडवं ठेवा, उभं धरून हलवू नका, आणि 108 ला फोन लावा.

अजून एक. घाबरून बाकीचं खाणं बंद करू नका. शेंगदाणा लवकर सुरू केलेल्या, धोका जास्त असलेल्या बाळांमध्ये पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात दिसलं. मात्र ज्या बाळाला एकदा त्रास झालाय त्याला तोच पदार्थ घरी देऊन पाहायचा नाही. ते रुग्णालयातच.

देवगडहून, एक आजी

नातू मुंबईचा, मे महिन्यात आला होता. त्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे हे सुनेने फोनवर चारदा सांगितलं होतं. माझ्या मनात आलं, पिशवीच्या दुधाची असेल, आपल्या गोठ्यातल्या गाईची कशी होईल? गाय नुकतीच व्याली होती. खरवसाचा नखाएवढा तुकडा मी त्याच्या जिभेवर ठेवला. सून आत अंघोळीला गेलेली.

पुढचं लिहवत नाही. सुनेकडे इंजेक्शन होतं म्हणून तो आहे. म्हशीचं, शेळीचं दूधही त्याला चालणार नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. मी महिनाभर त्याला उचलून घेतलं नाही. शेवटी सुनेनेच त्याला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही शिकलात तर मी निर्धास्त झोपेन." आता सिरिंज भरायला मला येते. डोळ्याला चष्मा लावून, रेघ मोजून.

चिपळूणहून

इंजेक्शननंतर बाळ हसायला लागलं म्हणून आम्ही हट्टाने घरी आणलं. रात्री पुन्हा तेच, पाच तासांनी. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा.

गुहागर, पुन्हा मी

सगळ्यांचे आभार. मालवणच्या दादा, तुमचं वाचून दीर डोळे पुसत होते. डॉक्टर, शनिवारी आम्ही सगळे सिरिंज शिकायला जातोय, सासूबाईसुद्धा.

काल रात्री त्यांना देवगडच्या आजींचा अनुभव वाचून दाखवला. शेवटचा भाग पुन्हा वाच म्हणाल्या. आज सकाळी मऊ भात कालवून त्या लेकीसमोर बसल्या. पहिला घास बराच वेळ हातातच होता. लेकीने स्वतःच तोंड पुढे केलं.