प्रयोगशाळेतले प्लेटलेट्स आपल्या काय कामाचे?

रामबागवाला: गेल्या ऑक्टोबरात आमच्या वहिनींना डेंग्यू झाला. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्सचा काउंट ९,०००, हिरड्यांतून रक्त. रात्री दीड वाजता मी आणि दादा प्लेटलेट्सच्या पिशवीसाठी इंदूरभर फोन लावत बसलो होतो. तेव्हा कळलं, प्लेटलेट्स फ्रिजमध्ये ठेवत नाहीत. २०–२४ अंशांवर सारखे हलवत ठेवायचे, आणि पाच दिवसांत टाकून द्यायचे. मग साठा उरणार कसा? जपानात क्योटो विद्यापीठातल्या कोजी एतो यांच्या गटाने माणसाच्या पेशी मागे नेऊन मूळपेशी (कोणत्याही पेशीत बदलू शकणाऱ्या) केल्या, त्यांतून मेगाकॅरिओसाइट्स, म्हणजे प्लेटलेट्स बनवणाऱ्या पेशी, वाढवल्या आणि प्लेटलेट्स काढले. आपल्याकडेही यावर पैसा लागायला हवा.

सुदामानगरची ताई: भाऊ, मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. वहिनींना गरज होती, मान्य. पण हंगामात निम्मे नातेवाईक ५०–६० हजारांच्या काउंटवर पिशवी मागायला येतात. रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली जाईपर्यंत बहुधा द्यावीच लागत नाही. एक एसडीपी दाता (यंत्राने रक्तातले फक्त प्लेटलेट्स काढून देणारा) तासा-दीड तासात सुमारे ३०,००० कोटी प्लेटलेट्स देतो. आणि क्योटोत तरी काय झालं? एकच रुग्ण, त्यालाही त्याच्याच पेशींपासून केलेले प्लेटलेट्स दिले, आणि काउंट अपेक्षेएवढा वाढलाच नाही. त्या पैशात इथे दात्यांची पक्की यादी होईल.

लोकमान्यनगर: ताई, तो रुग्ण कोण होता तेही सांगा ना. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया (अस्थिमज्जा पुरेशा रक्तपेशी बनवत नाही), आणि शरीरात अशा अँटीबॉडीज की दुसऱ्याचे प्लेटलेट्स टिकतच नव्हते. तुमची यादी कितीही लांब असो, त्याच्या उपयोगाची नाही. माझ्या भाच्याला ल्युकेमियात हेच झालं. पिशव्यांवर पिशव्या चढल्या, काउंट जागचा हलेना. काउंट वाढला नाही हे खरं, पण दुष्परिणाम दिसले नाहीत, आणि ते प्लेटलेट्स रक्तात फिरताना सापडले. शिवाय प्लेटलेटला केंद्रक नसतं. म्हणून देण्याआधी किरणोत्सर्ग दिला तरी त्याचं काम चालतं, पण चुकून राहिलेली मूळपेशी मरते, ट्यूमरची भीती कमी होते.

सुदामानगरची ताई: भाच्यासारख्यांसाठी संशोधन हवंच, तिथे माझा वाद नाही. डेंग्यूचं नाव पुढे करून ते मागू नका, एवढंच. डेंग्यूसाठी आधी घरचा कूलर बघा, त्याचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

रामबागवाला: डेंग्यूचं उदाहरण मागे घेतो, मागणी नाही. रविवारी एसडीपीला येऊ का?

सुदामानगरची ताई: या. तीन दिवस आधीपासून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, आणि नाश्ता करून या.