नागीण: गोळी लवकर, पण क्रिएटिनिन बघून

आजींच्या नागिणीवर गेरूचा लेप चालू आहे आणि 'गोळ्या नंतर बघू' असं ठरलंय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून राहवलं नाही. नंतर नको. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूविरोधी गोळ्या) सुरू झालं तर खरा उपयोग. असायक्लोव्हिरचा मोठ्यांचा नेहमीचा डोस ८०० मिग्रॅ, दिवसातून पाचदा, सात दिवस. सकाळी सहा, दहा, दोन, सहा, रात्री दहा असं लिहून फ्रिजवर चिकटवा, दुपारची गोळी हमखास राहते.

पण आजींना मधुमेह आहे म्हणता, तर डॉक्टरांना ते सांगून क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. किडनी मंद असताना पूर्ण डोस दिला तर म्हातारं माणूस असंबद्ध बडबडू लागतं आणि घरचे म्हणतात, वय झालं! पाणी भरपूर द्या, डायक्लोफिनॅकसारखी दुखण्यावरची गोळी मनाने देऊ नका.

नुसत्या मलमाच्या ट्यूबवर भागत नाही. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठा. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही निव्वळ भाकडकथा. घरात कांजिण्या न झालेली गरोदर बाई असेल तर खपल्या धरेपर्यंत तिला लांब ठेवा.