शाल, श्रीफळ आणि मोबाईल

पत्रकार पुरस्कार म्हणजे एकमेकांना शाली पांघरण्याचा कार्यक्रम, असं कुणी कुणी म्हणतं. निम्मं खरं आहे. ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र १८३२ साली निघालं त्या तारखेला, गावोगाव सत्कार होतात. जळगावच्या अशाच एका सोहळ्याला मी गेलो होतो. भाषणांचं सोडा.

लक्षात राहिला 'डिजिटल' गटातला रावेरकडचा पोरगा. वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेत उभं राहून मोबाईलवर केलेली बातमी. पडद्यावर दाखवली तेव्हा त्याच्यापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त. पण मागे अर्धवट भरलेले घड कापून बांधावर टाकणारा शेतकरी दिसला नि सभागृह गप्प झालं. शेजारी आमच्या गावचे जुने वार्ताहर काका होते. ते बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, छापून यायला दोन दिवस. कानाशी येऊन म्हणाले, "काय भो, याले पगार किती?"

जेवताना विचारलं. पगार नाही. व्ह्यूज आले तर थोडेफार, शिवाय जाहिराती त्यानेच आणायच्या. काका हसले. त्यांनाही दिवाळी पुरवणीच्या जाहिराती आणल्या तरच कमिशन मिळायचं!

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी होती, झकास. पोरगा मात्र ताट बाजूला ठेवून, श्रीफळ बगलेत धरून सोहळ्याचाच व्हिडिओ चढवत होता. रेंज मिळेना म्हणून शेवटी जिन्यात जाऊन बसला.