मदत हवी आहे : युरोपातील सोनेरी केसांचे मूळ नेमके कोठे?

नमस्कार. युरोपीय लोकांच्या केसांच्या रंगाविषयी वाचताना एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तांबड्या केसांचे कोडे त्या मानाने सोपे आहे, कारण एमसी१आर या जनुकातील बदल आई आणि वडील दोघांकडून आले की केसांत काळ्या रंगद्रव्याऐवजी तांबूस-पिवळे रंगद्रव्य तयार होते. सोनेरी केसांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बाराव्या गुणसूत्रावर, केआयटीएलजी जनुकापासून डीएनएची सुमारे साडेतीन लाख अक्षरे (म्हणजे डीएनएचे लहानात लहान घटक) दूर, एका अक्षराच्या जागी दुसरे आले की केसांच्या मुळाशी त्या जनुकाचे काम जवळपास २० टक्क्यांनी मंदावते आणि केस सोनेरी होण्याकडे झुकतात. इतक्या दुरून हुकूम चालतो, हेच मला नवलाचे वाटते! या बदलाचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा युरोपात नसून सैबेरियात, येनिसेई नदीकाठच्या अफोंतोवा गोरा येथील सुमारे १७,००० वर्षांपूर्वीच्या अवशेषांत सापडला आहे.

माझी अडचण अशी की, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून सुमारे ५,००० वर्षांपूर्वी युरोपात पसरलेले यामनाया हे पशुपालक लोक बहुतांशी गडद केसांचे होते असे प्राचीन डीएनए सांगतो. मग हा बदल त्यांच्यामार्फत उत्तरेत पोहोचला, की त्याआधीच पूर्व युरोपातील शिकारी टोळ्यांनी तो तेथे नेला होता? शिवाय तो पुढे इतका वाढला, तो नैसर्गिक निवडीमुळे की जोडीदाराच्या पसंतीमुळे? ‘पसंती’चे स्पष्टीकरण मला जरा सोयीस्कर वाटते. यावर सामान्य वाचकाला झेपेल असे काही लेखन कोणी सुचवू शकेल का?